बेल्जियममधल्या गावरेसा : एका सीझनचा अनुभव (जरा लांबलंय)

मिरजकर_चाकं

बेल्जियमला रेसिंग करून आलोय. बऱ्याच जणांनी व्यनि करून तेच तेच विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, चहा घेऊन बसा. सीझन म्हणतोय पण व्हिसात बसेल तेवढाच, एप्रिलच्या शेवटापासून जुलैपर्यंत. तिकडचा खरा सीझन मार्चला सुरू होतो तो थेट ऑक्टोबरपर्यंत चालतो.

आधीच सांगतो, टीव्हीवर दिसतात त्यातली ही टीम नाही. फ्लँडर्समधली साधी क्लब टीम, अंडर-२३ आणि 'एलिट विदाउट कॉन्ट्रॅक्ट' वाल्यांची, म्हणजे पगार शून्य. टीमने दिलं काय, तर किट, रेसला न्यायला एक व्हॅन, एक डीएस (म्हणजे टीमचा डायरेक्टर, आमचा रिटायर्ड रेसर होता), आणि गेंटच्या बाहेर एक जुनं घर जिथे आम्ही परदेशी पोरं राहायचो, दोन न्यूझीलंडची, एक आयरिश, एक कोलंबियन आणि मी. भाडं, किराणा वाटून. सायकल आपली आपण न्यायची आणि रोज आपणच धुवायची, डीएस बाकी कशावरून चिडायचा नाही पण घाण चेन दिसली की विषय संपला.

रेसा बहुतेक सगळ्या कर्मिस. गावची जत्रा असते आणि आपल्याकडे जत्रेला कुस्त्यांचा फड असतो तशी तिकडे सायकलची रेस. गावाभोवती ६ ते १० किमीचा लूप, तेच फेरे मारत ११०-१२० किमी. नंबर घ्यायला गावातल्या कॅफेत जायचं, तिथे आजोबा लोक दुपारपासूनच बिअर घेऊन बसलेले आणि कोपऱ्यातल्या टेबलावर नंबर वाटप. एंट्री काही युरो, नंबरचं डिपॉझिट वेगळं, रेस झाली की नंबर परत करायचा आणि डिपॉझिट घ्यायचं. बक्षीस पहिल्या वीस-तीस जणांना, पैसे त्याच कॅफेत रोख. मधल्या काही फेऱ्यांना प्रीमी पण असते, म्हणजे ती फेरी जो पहिला ओलांडेल त्याला थोडे पैसे, आणि कधी कधी त्या दहा-वीस युरोसाठी जो स्प्रिंट लागतो तो आपल्या स्टेट चॅम्पियनशिपच्या फायनलला पण बघितला नाही मी.

आता मुद्द्याचं. आमच्या घरातल्या आयरिश पोराची एफटीपी (म्हणजे तासभर टिकणारी ताकद, वॅटमध्ये) माझ्यापेक्षा कमी, वजन माझ्यापेक्षा जास्त, आणि तो टॉप टेनमध्ये यायचा आणि मी अर्ध्यात बाहेर. पन्हाळ्याच्या चढाला मी त्याला मागे टाकला असता. पण तिकडे चढ विचारतंय कोण, तिकडे वळण विचारतात. एका लूपला पंधरा-वीस वळणं, दीडशे पोरं, आणि रस्ता म्हणजे आपल्या ऊसपट्ट्यात आत जातो तेवढा. पहिले वीस जण वळणातून जवळजवळ ब्रेक न लावता निघतात. शंभराव्या नंबरचा वळणावर थांबतोच म्हणा, वीसच्या स्पीडला येतो, आणि मग पुढच्याचं चाक सुटू नये म्हणून पंचावन्नपर्यंत स्प्रिंट मारतो, मारतो तोवर पुढचं वळण. असं एका फेरीत पंधरा वेळा आणि असे पंधरा फेरे, हिशोब तुम्हीच करा. पुढचा गप्पा मारत चाललाय, मागचा मरतोय, आणि रेस संपल्यावर दोघांच्या गार्मिनवर (सायकलवरचा छोटा कॉम्प्युटर) ॲव्हरेज स्पीड तेच, ४४.

मग पुढे का जात नाही? कारण दीडशेच्या दीडशे जणांना पुढेच जायचंय. एका जागी टिकून राहायचं म्हटलं तरी सतत पुढे सरकावं लागतं, नाहीतर दोन्ही बाजूंनी लोक येतात आणि तुम्ही आपोआप मागे. खांद्याला खांदा लागतो, हँडलला हँडल लागतं, कुणी सॉरी म्हणत नाही आणि कुणी रागवत पण नाही. आपल्याकडे नॅशनलला कोपर लागलं तर रेस संपल्यावर भांडण असतं.

दुसरं म्हणजे आडवा वारा. समजा वारा उजवीकडून आहे. मग पुढचा माणूस रस्त्याच्या उजव्या कडेला जातो, त्याच्या डाव्या अंगाला थोडा मागे दुसरा, मग तिसरा, असं तिरकं, रस्ता संपेपर्यंत. त्याला एशेलॉन म्हणतात. लहान रस्त्यात दहा-बाराच जण मावतात. बाकी सगळे डाव्या कडेला गटारीच्या काठावर एकामागे एक, आडोसा कुणालाच नाही, आणि तिथे मग एकेक माणूस सुटत जातो. डीएसचं ठरलेलं वाक्य, पहिल्यात जागा नाही मिळाली तर काठावर लटकू नका, मागे दुसरा एशेलॉन लावा. ऐकायला सोपं आहे. पण तो लावायला कुणीतरी एकाने पहिल्यांदा वाऱ्यात जायला पाहिजे ना, १८० च्या हार्टरेटला हा निर्णय कोण घेणार.

बाकी प्रश्न विचारा, उत्तर देतो.

---

चेनलूब

भारी लिहिलंयस भावा. ते पुढच्याला आराम, मागच्याला त्रास हे ऐकून एक आठवलं. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १२१ रायडरचं मॉडेल करून कॉम्प्युटरवर आणि विंड टनेलमध्ये तपासलेलं, आणि बंचच्या (म्हणजे मुख्य घोळक्याच्या) पोटात बसलेल्याला एकट्या रायडरच्या फक्त ५ ते १० टक्के हवेचा विरोध लागतो असं निघालं. म्हणजे सरळ रस्त्यावर मागे मजाच आहे. तरी तू म्हणतोस मागचा मरतो, तर तो सगळा खर्च वळणातून परत स्पीड पकडण्याचा, हवेचा नाहीच. माझ्यासारख्या मेकॅनिकलवाल्याला हे सांगायला कोच लागायला नको होता खरं तर.

---

मिरजकर_चाकं

बरोबर. सरळ हायवेवर मागे बसून मी पण शिट्टी वाजवत जातो. आणि आपल्या बहुतेक रेसा सरळ हायवेवरच असतात, तिथेच गोम आहे. पहाटे चार लेन बंद करायच्या, ४० किमी जायचं, यू टर्न, परत यायचं. त्यात पाय तयार होतात, बंच तयार होत नाही.

---

स्टीलफ्रेम

मी साठीचा माणूस, सांगलीचा. आमच्या वेळी मुंबई-पुणे रेस म्हणजे सर्वस्व होतं, आणि त्यात बोरघाटात जो पहिला तो घाटाचा राजा, रेस कुणी का जिंकेना, गावात मिरवणूक घाटाच्या राजाची निघायची. सांगली-मिरजेची पोरं त्या घाटासाठी वर्षभर दंडोबाला चढायची. त्यामुळे तू म्हणतोस ते पटतं, आम्हाला चढ शिकवला, वळण कुणी शिकवलंच नाही. पण एक सांग, ती दगडाच्या रस्त्याची रेस केलीस का? आमच्या पंक्चरच्या दुकानात एक जुनं मासिक होतं त्यात फोटो बघितलेला, माणूस सायकल खांद्यावर घेऊन चढतोय.

---

मिरजकर_चाकं

काका, तो फोटो बहुतेक कोप्पेनबर्गचा असणार, तिथे २२ टक्के चढ आहे आणि खाली कोबलचे दगड, एक घसरला की मागचे सगळे उतरून चालायला लागतात. १९८७ ला टूर ऑफ फ्लँडर्समध्ये तिथे डेन्मार्कचा येस्पर स्किबी पडला आणि रेस डायरेक्टरची गाडी त्याच्या सायकलवरून गेली, मग तो चढच रेसमधून काढून टाकला, थेट २००२ ला परत आणला. मी तिथे ट्रेनिंगला गेलो फक्त. कोरड्यात चढलो. ओल्यात उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक गरगर फिरतं, म्हणून बसूनच चढायचं, आणि पुढच्याशी अंतर ठेवून, कारण तो थांबला की तुमची पण रेस संपली.

रेसमध्ये कोबल आले पण सपाटीवरचे. त्याचं गणित टायरमध्ये. माझं वजन ६३, इकडे २५ मिमीच्या टायरला १०० पीएसआय भरायचो, तिकडे मेकॅनिकने २८ चे ट्यूबलेस लावले आणि ६५ च्या आसपास भरले. बोटाने दाबून बघितलं तर मला वाटलं पंक्चरच आहे. आणि दगडावर स्पीड कमी करायचा नसतो, उलट मोठा गियर टाकून हँडल सैल धरायचं, घट्ट धरलं की मनगटं जातात.

---

नाशिकची_आई

मुलगा सोळा वर्षांचा आहे, ज्युनिअर स्टेटला पोडियमवर होता, आता म्हणतो मला पण जायचं. मला तीन गोष्टी सांग बाळा. खाणं काय (आम्ही शाकाहारी), पडझड किती, आणि अभ्यासाचं काय केलंस?

---

मिरजकर_चाकं

काकू, खाण्याचं अजिबात टेन्शन नाही, घरात किचन आहे, मी भात-वरणच करायचो आणि ती न्यूझीलंडची पोरं माझ्या ताटाभोवती घुटमळायची. रेसच्या दिवशी तीन तास आधी भात किंवा पास्ता. रेसमध्ये तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्ब पोटात गेलंच पाहिजे, जेल आणि बाटलीतलं ड्रिंक. हे मात्र इकडे आधीच सवय लावून घ्या त्याच्याकडून, कारण पोट एकदम एवढी साखर घेत नाही आणि मग व्हायचं ते होतं, भर रेसमध्ये. बाहेर फ्राइट्सचं दुकान प्रत्येक चौकात आहे, पण काही ठिकाणी ते बैलाच्या चरबीत तळतात, विचारून घ्यावं.

पडझड आहे, खोटं नाही सांगत. मी पडलो, कातडं सोललं, हाड नाही मोडलं. कोलंबियन पोराची कॉलरबोन मोडली. इन्शुरन्समध्ये स्पर्धा कव्हर होते का हे वाचून घ्या, साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये बऱ्याचदा रेसिंग वगळलेलं असतं.

अभ्यास, बॅकलॉग आहे.

---

स्पोक_डॉक्टर

नाशिकच्या ताईंसाठी थोडं. सप्लिमेंट म्हणून जिमवाल्याकडची डब्यातली पावडर, ताकदीची आयुर्वेदिक गोळी, असलं काहीही मुलाला देऊ नका. लेबलवर नसलेली द्रव्यं त्यात सापडतात आणि अँटी-डोपिंगमध्ये 'मला माहीत नव्हतं' हे चालत नाही, शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच. दम्याचा पंप असेल तर साल्ब्युटामॉलला सुद्धा मर्यादा आहे, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि त्यातही कुठल्याही आठ तासांत ६०० च्या वर नाही. टॅब्लेट किंवा नेब्युलायझर हा वेगळा विषय, त्याला आधी परवानगी लागते.

---

रोखठोक_रावसाहेब

सगळं छान. पण निकाल काय? टॉप टेन किती? की नुसतं डीएनएफ डीएनएफ, म्हणजे रेस पूर्णच नाही? आपल्या लोकांच्या रक्तातच नाहीये हा खेळ, युरोपियन पोरं पाळण्यातून सायकलवर. वडिलांचे पैसे घालवून बिअर पिणाऱ्या आजोबांच्या गावात गोल गोल फिरायचं, त्यापेक्षा रेल्वे किंवा आर्मीत स्पोर्ट्स कोट्यात लाग, पगार तरी चालू होईल.

---

मिरजकर_चाकं

रावसाहेब, टॉप टेन एकही नाही. सुरुवातीला डीएनएफच जास्त. तिकडे बंचपासून ठराविक मागे पडलात की ज्युरी काढून टाकतात, कारण गावचा रस्ता तुमच्या एकट्यासाठी बंद ठेवता येत नाही, आणि अर्धी स्टार्ट लिस्ट रोज तशीच बाहेर होते, बेल्जियन पोरं पण. कॅफेत कुणी त्याचं तोंड पाडून बसत नाही, परवा परत रेस असतेच.

पण टीमची रेस निकालपत्रात दिसते तेवढीच नसते. जूनपर्यंत मला पहिल्या तीसात राहणं जमायला लागलं तसं डीएसने काम दिलं, सुरुवातीच्या फेऱ्यांत जो ब्रेक (म्हणजे बंचमधून पुढे निसटणारा गट) जाईल त्यात जाऊन बसायचं, आणि ब्रेक परत आला की आयरिश पोराला सांभाळायचं. ऑदनार्दजवळ एका रेसला पाऊस, शेवटच्या दोन फेऱ्या, तो मागे अडकलेला. मी मागे गेलो, त्याला माझ्या चाकामागे घेतला, वाऱ्याच्या बाजूने बंचच्या कडेने वर आणला आणि शेवटच्या चर्चच्या वळणाआधी पाचव्या-सहाव्या जागेवर सोडला. तिथे माझे पाय संपले, मी बंचच्या शेपटीला कुठेतरी आलो, निकालात नाव शोधायला खाली खाली जावं लागतं. तो तिसरा आला. रात्री बक्षिसाचे पैसे सगळ्यात सारखे वाटले, ही तिकडची पद्धतच आहे, आणि डीएसने पहिल्यांदा माझं नाव नीट उच्चारलं. माझ्या हिशोबात ती माझी सगळ्यात चांगली रेस आहे.

रेल्वेचा फॉर्म भरलाय, घरच्यांचं पण तेच म्हणणं आहे. त्यात वाईट काही नाही, आपल्याकडे चांगले रायडर टिकलेत ते रेल्वे आणि सर्व्हिसेसमुळेच.

---

गेंटवासी

मी गेंटला नोकरीला आहे, सायकल फक्त ऑफिसपुरती. रक्ताचं म्हणाल रावसाहेब तर एरिट्रियाचा बिनियम गिरमाय बघा. २०२२ ला गेंट-वेवेल्गेम जिंकला, २०२४ ला टूर द फ्रान्समध्ये तीन स्टेज आणि हिरवी जर्सी (पॉइंट्समध्ये पहिला). त्याच्या रक्तात कुठून आलं? अस्मारा शहर २३०० मीटरवर, इटालियन लोकांनी सायकल तिथे नेली आणि आता शहराच्या रस्त्यांवर रेसा होतात, अख्खं गाव बघायला. मग यूसीआयच्या (सायकलिंगची जागतिक संघटना) स्वित्झर्लंडमधल्या एगलच्या सेंटरला ट्रेनिंग आणि तिथून युरोपियन टीम. लहानपणापासून बंचमध्ये रेस करायला मिळाली हे महत्त्वाचं.

आणि भारतीय आधी पण येऊन गेलेत हां. आपला टाइम ट्रायलचा (एकट्याने घड्याळाविरुद्धची रेस) नॅशनल चॅम्पियन राहिलेला नवीन जॉन इथे कर्मिस खेळलाय.

व्हिसाचं व्यनित खूप जण विचारतात म्हणून इथेच: शेंगेनचा शॉर्ट व्हिसा म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, सगळ्या शेंगेन देशांत मिळून. टीमचं निमंत्रण पत्र, राहण्याचा पत्ता, बँक स्टेटमेंट हे लागतंच.

---

मिरजकर_चाकं

+१. आणि आपल्या फेडरेशनचं लायसन्स आणि बाहेर रेस करायला परवानगीचं पत्र, हे निघायच्या आधी हातात पाहिजे. तिकडे गेल्यावर मेल करून मागवू म्हणाल तर कॅफेत आजोबांच्या शेजारी बसून रेस बघावी लागेल.

---

पुणे_टू_सिंहगड

मला वेगळं विचारायचंय. आता पुण्यातच यूसीआय रेस झाली की, जानेवारी २०२६ ला पुणे ग्रँड टूर, २.२ कॅटेगरी (अनेक दिवसांची स्टेज रेस), बाहेरच्या टीम आल्या, रस्ते गुळगुळीत केले. मग बाहेर जायची गरज राहिली का? बालेवाडीला ट्रॅक पण आहे.

---

मिरजकर_चाकं

पुण्याची रेस मस्तच, मला तर लोक रस्त्याच्या कडेला उभे बघूनच भरून आलं. पण ती वर्षातून एकदा, आणि त्यात जागा मोजक्यांना. एकोणीस वर्षांच्या पोराला पाहिजे काय, तर मंगळवारी रेस, गुरुवारी रेस, रविवारी रेस, हरायला भरपूर संधी. एक मोठी रेस करायला कोटी लागतात, कर्मिसला काय लागतं? सहा किमीचा लूप, गावातले वळणावर झेंडा घेऊन उभे राहणारे लोक, एक ॲम्ब्युलन्स, आणि एक हॉटेल जिथे नंबर वाटता येतील. दोन तास रस्ता बंद. आपल्याकडे एखाद्या गावची यात्रा कमिटी बैलगाडा शर्यतीचं जे नियोजन करते ना, त्याच्या पावपट सुद्धा नाही हे. कवठेमहांकाळ, तासगाव, पलूस, इथे आतले डांबरी रस्ते चांगले आहेत, वळणं आहेत, आणि उन्हाळ्यात आडवा वारा फुकट आहे.

---

स्टीलफ्रेम

अरे मग करूया की. आमच्या गावच्या यात्रेत कमिटीवर माझा मेहुणा आहे. फक्त कुत्री आणि ऊसाच्या ट्रॅक्टरचं काय करायचं ते सांग.

---

चेनलूब

काका, ट्रॅक्टर सीझन एप्रिलपर्यंत संपतोच, त्यानंतर तारीख धरा. चिप टायमिंगचं मी बघतो, ऑफिसमध्ये एकाकडे जुना सेट आहे. कुत्र्यांचं खरंच अवघड आहे.

---

नाशिकची_आई

ज्युनिअरची वेगळी रेस ठेवणार असाल तर आम्ही येऊ. गियरचं काय, ज्युनिअरला लहान गियरची मर्यादा असते ना?

---

मिरजकर_चाकं

काकू, पूर्वी ७.९३ मीटरची होती, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जास्तीत जास्त तेवढीच जाणार, साधारण पुढे ५२ आणि मागे १४ दात. २०२३ पासून यूसीआयने काढून टाकली, आता जो आहे तो गियर चालतो. तरी त्याला जोरात पेडल फिरवायची सवय असू दे, वळणातून बाहेर पडताना मोठा गियर ओढत बसला की गेला. स्टीलफ्रेम काका, मेव्हण्यांना विचारा की लूप किती किमीचा निघतो आणि यात्रा कधी आहे, मी रविवारी सायकल घेऊन येतो आणि एक चक्कर मारून वळणं मोजतो.

---

स्टीलफ्रेम

अक्षय्य तृतीयेनंतरचा आठवडा. ये, पण वेशीजवळ खडी टाकलीय, टायर २८ चे आण.